किळसेवरचा उतारा

माणसांना शांत बसायला शिकवून संपदा आरवाडेनं बावीस वर्षं पोट भरलं. आणि त्याच शांतपणाची तिला इतकी शिसारी आली की आज कुणी तिच्यासमोर डोळे मिटून लांब श्वास घेतला तरी ती उठून खोलीबाहेर जाते. लोक म्हणतात, बाईचं डोकं फिरलं. फिरलं नाही. फार उशिरा ठिकाणावर आलं, एवढंच.

सांगलीत विश्रामबागेत तिचा वर्ग होता. पाटीवर 'सजगता' असं लिहिलेलं, येणारे मात्र माइंडफुलनेसच म्हणायचे. बँकेतले साहेब, साखर कारखान्याचे अधिकारी, दवाखान्यातल्या नर्सेस, बारावीच्या मुलांच्या आया. मुलं ढाराढूर झोपायची, आयांचीच झोप उडालेली! शिकवणं साधं होतं. श्वासाकडे लक्ष द्या. मनात येईल ते येऊ द्या, चांगलं-वाईट ठरवू नका, नुसतं बघा. सरावाला प्रत्येकाच्या तळहातावर एक बेदाणा ठेवायचा आणि तो पाच मिनिटं खायचा. आधी बघायचा, मग हुंगायचा, मग जिभेवर घोळवायचा. तासगाव जवळच, त्यामुळे बेदाण्याला काय तोटा? एक निवृत्त तलाठी तिला म्हणाला होता, "मॅडम, ह्या वेगानं पावशेर बेदाणे संपवायचे म्हणजे पुढची संक्रांत उजाडायची की!" त्यावर तीही खळखळून हसली होती.

जगाला झोप लावणाऱ्या या बाईच्या घरात मात्र दिव्याखाली अंधार होता. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, घरात मायलेकी दोघीच. मुलगी जुई, सव्वीस वर्षांची, मिरज रस्त्यावरच्या 'निर्मळ डेटा' नावाच्या कंपनीत कामाला होती. नाव निर्मळ आणि काम गटार उपसायचं. जगभरातले लोक फोनवर जी घाण टाकतात, मारहाण, छळ, बायकांची विटंबना, ती इतरांपर्यंत पोचण्याआधी गाळायची. बरीचशी यंत्रच गाळायचं. पण हल्ली घाण तयारही यंत्रंच करत होती. त्यामुळे थट्टा कुठली, नाटक कुठलं आणि खरोखरचं रडणं कुठलं, हे यंत्राला कळेनासं झालं की तो व्हिडिओ माणसासमोर यायचा. माणसानं बघायचं आणि पोटात ढवळलं की लाल खूण करायची. यंत्राकडे सगळं होतं, पोट तेवढं नव्हतं.

दिवसाला असे सातशे व्हिडिओ. दिवाळीनंतर जुईचं जेवण तुटलं. आमटीचा वास आला की ती नाक दाबून बाल्कनीत जायची. दिवसातून चारचारदा आंघोळ करायची, मान घासून घासून लाल करायची. वजन आठ किलोनं उतरलं.

"सोड ती नोकरी," संपदा म्हणायची. "हाडांचा सापळा झालाय तुझा."

"आणि ते कोण बघणार? गेल्या वर्षी बिदरजवळ डांबून ठेवलेली ती बाई सुटली, ती कुणाच्या खुणेवरून? माझ्या आधी दोघांनी तोच व्हिडिओ पास केला होता. नवरा-बायकोची मस्करी म्हणून! मला तिच्या मनगटाकडं बघून कसंतरी झालं, म्हणून पोलीस गेले तिथं."

"मग निदान जे वाटतं त्याच्याकडं नुसतं बघायला शीक गं. प्रतिक्रिया दिलीस की..."

"आई, तुझा वर्ग घरात नको!"

अशात फेब्रुवारीत 'निर्मळ'चे मोठे साहेब, पराग सर, स्वतः संपदाच्या वर्गावर आले. पंचेचाळिशीचा, गुळगुळीत दाढी केलेला, सतत वेलदोडा चघळणारा माणूस. बोलणं लोण्यासारखं. बरोबर मिरजेच्या मेंदूतज्ज्ञ डॉ. निलोफर तांबोळी. त्यांनी पर्समधून जखमेला लावतात तेवढी एक पट्टी काढून टेबलावर ठेवली.

"मेंदूची एक घडी आत वळलेली असते, कानाच्या जरा वर," डॉक्टर म्हणाल्या. "तिला इन्सुला म्हणतात. नासकं दूध हुंगलंत की ती खडबडून जागी होते आणि तुम्ही तोंड फिरवता. मजा अशी, की कुणी नीचपणा केलेला पाहिला तरी तीच जागी होते. विटलेलं अन्न आणि विटलेलं वागणं, दोन्हींसाठी निसर्गानं एकच घंटा बसवलीय. ह्या पट्टीतून आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी त्या घडीवर सोडला जातो. काही कापत नाही, जाळत नाही. घंटा वाजते, पण लांबून ऐकू आल्यासारखी."

"मग त्यात मी कशाला हवी?"

"नुसत्या पट्टीनं माणूस दोन तास बधिर होतो, मग जैसे थे. पण घंटा वाजली असताना तो न हलता श्वासाकडं बघत राहिला, तर मेंदूत एक ठरावीक लय उमटते. पट्टी ती लय ओळखते आणि नेमकं त्याच क्षणी काम करते. हळूहळू मेंदूला तीच सवय लागते. हात धुऊन धुऊन रक्त काढणारे माझे पेशंट यानं बरे झालेत. तुम्ही शिकवलं तरच हे चालतं, संपदाताई. नाहीतर ही नुसती चिकटपट्टी आहे."

"तणाव गेला की पोरं सुखानं काम करतील," पराग सर म्हणाले. "आणि मॅडम, तुमच्या जुईसाठी तरी हो म्हणा. बघवत नाही हो तिच्याकडं."

जुईचं नाव निघालं आणि संपदा विरघळली. ज्याच्या तोंडून ते निघालं त्या तोंडाकडे तिनं नीट पाहिलं असतं, तर बरं झालं असतं.

'निर्मळ'च्याच ऑफिसात, प्रत्येकाच्या कानाशी पट्टी चिकटवून, तीस जणांचा वर्ग सुरू झाला. पाच आठवड्यांत जुई आमटी-भात ओरपायला लागली. गालांवर मांस आलं, आंघोळ दिवसातून एकदाच. संपदाला आभाळ ठेंगणं झालं. एकदा चहातलं दूध फाटलेलं होतं, जुईनं गाठी चावत चावत तो पिऊन टाकला. एकदा आमटीत केस निघाला, तर तो बाजूला काढून ठेवून जेवत राहिली, नाक मुरडणं नाही की काही नाही. 'किती समंजस झाली माझी पोर!' असं संपदानं शेजारणीला कौतुकानं सांगितलं. आंधळेपणालाही काही सीमा असते, पण ती आईला लागू नाही.

नवव्या आठवड्यात, शुक्रवारी, बेदाण्याचा सराव होता. संपदा बेदाणे घरी विसरली. पराग सर म्हणाले, "त्यात काय, आपल्याकडं दिवाळीत आलेला डबा आहे ना," आणि कपाटातून डबा काढून दिला. सगळे डोळे मिटून बसलेले. संपदाची वर्षानुवर्षांची पद्धत अशी, की बोलत बोलतच एकेकाच्या हातावर बेदाणा ठेवत जायचं. बेदाण्याकडे न बघता, समोरच्याच्या श्वासाकडे बघत. दुसऱ्यांना 'आधी बघा' म्हणणारी ही बाई स्वतः कधी बघायची नाही. तीसही बेदाणे वाटून झाले. तिनं सवयीनं सूचना दिल्या आणि सगळ्यांनी बेदाणे तोंडात टाकले. मग तिनं स्वतःचा नाकाशी नेला.

कुबट, आंबूस भपकारा आला. तिनं बेदाणा उजेडात धरला. त्याला पांढरं जाळं लागलं होतं आणि त्यातून एक अळी डोकं वर काढून हलत होती. डब्यात तर नुसता बुजबुजाट!

संपदाच्या घशाशी आलं. तिनं समोर पाहिलं. तीस माणसं ताठ बसून, चेहऱ्यावर मंद हसू ठेवून, सावकाश चावत होती.

"जिभेवर काहीतरी वळवळतंय," पहिल्या रांगेतला मोकाशी डोळे न उघडता म्हणाला. "मी फक्त निरीक्षण करतोय."

"मऊ आहे," त्याच्या मागची मुलगी म्हणाली. "जरा कडवट. वाईट असं काही नाही."

"थुंका! अहो थुंका, अळ्या आहेत त्यात!"

डोळे उघडले. कुणी दचकलं नाही. दोघातिघांनी तळहाताकडे पाहिलं, मान डोलावली आणि घास गिळला. जुईच्या खालच्या ओठाला पांढरं काहीतरी चिकटलं होतं. तिनं ते जिभेनं आत घेतलं आणि आईकडे मायेनं पाहिलं.

"आई, प्रतिक्रिया देऊ नकोस. श्वासाकडं लक्ष दे."

पराग सरांनी टाळ्या वाजवल्या. "वा मॅडम! ह्याला म्हणतात मनावर ताबा." ते जुईच्या मागे येऊन उभे राहिले, तिच्या मानेवर हात ठेवला, बोटं केसांत घातली आणि तिथंच ठेवली. जुई चावत राहिली. तिच्या मानेची शीरसुद्धा हलली नाही.

संपदा धावत बाथरूममध्ये गेली आणि आतडी पिळवटेपर्यंत ओकली.

मायलेकी स्कूटरवरून घरी आल्या. जिन्यात संपदानं विचारलं, "तो हात काय होता?"

"कुठला? पराग सरांचा होय? अगं, ते नेहमीचंच. दिवाळीपासून."

"दिवाळीपासून?"

"हो. लिफ्टमध्ये वगैरे. तेव्हा मला फार घाण वाटायची, घरी येऊन मान घासत बसायचे. आता काही वाटत नाही." जुईनं कुलूप उघडलं. "सोमवारी महाबळेश्वरला चल म्हणालेत. दोन दिवस, आम्ही दोघंच. मी चालेल म्हटलं."

"तुला चालेल?"

"न चालायला काय झालं? काही वाटतच नाही तर."

"मला का सांगितलं नाहीस?"

जुईनं चप्पल काढता काढता आश्चर्यानं वर पाहिलं. "सांगितलं होतं की. पाडव्याला. तू दिवाळीच्या खास वर्गाच्या गडबडीत होतीस. म्हणालीस, आधी स्वतःच्या मनात काय उठतंय ते बघ, लगेच माणसाला वाईट ठरवू नकोस. तेच तर मी आता करते."

संपदा दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. तिला आठवलं. शब्द न् शब्द आठवला. तेव्हा हे बोलताना आपण किती समजूतदार आहोत असं वाटलं होतं, तेही आठवलं. पराग सरांची किळस आली त्याच्या दुप्पट तिला स्वतःची आली. पोटच्या पोरीनं तोंड उघडलं आणि आपण तिला वर्गातला धडा ऐकवला! थू अशा शहाणपणावर!

शनिवारी सकाळी ती मिरजेत डॉ. तांबोळींच्या दवाखान्यात जाऊन धडकली. सगळं ऐकून डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला.

"मला कंपनीनं एवढंच सांगितलं, की मुलं ताणाखाली आहेत."

"आणि तुम्ही विचारलं नाहीत, ताण कशाचा म्हणून?"

"तुम्ही विचारलंत?" डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती.

"पट्टी काढली तर?" संपदानं विचारलं.

"बारा आठवडे पुरे झाल्यावर काढून उपयोग नाही, मेंदू तसाच राहतो. तुमच्याकडं तीन आठवडे आहेत. पण ताई, ह्या नऊ आठवड्यांत तिनं जे पाहिलं, जे सोसलं, ते कुठं गेलेलं नाही. आठवणी जशाच्या तशा आहेत, फक्त त्यांच्यावर शेरा मारायचा राहिलाय. पट्टी निघाली की सहा-सात तासांत मेंदू एकेक आठवण पुढं ओढून शेरा मारायला लागेल. फार वाईट जातील ते दिवस. आणि तिच्या मर्जीशिवाय काढायची नाही. ओढून काढलीत तर ती दुसरी लावेल."

परतताना बसमधून संपदानं वर्गातल्या बाकी सगळ्यांना फोन लावले. निम्म्यांनी उचलले. "मॅडम, आम्ही मजेत आहोत," मोकाशी म्हणाला. "काल पोट बिघडलं, पण त्रास असा नाही झाला." तिनं फोन सीटवर आपटला.

जुई घरी पाय पसरून भडंग खात बसली होती. संपदा तिच्यासमोर जमिनीवर बसली. आता काय सांगायचं हिला? तो माणूस ओंगळ आहे? ही म्हणणार, असेल. तुझं वाटोळं होईल? ही म्हणणार, बघू. ज्या पोरीला आंबलेलं आणि ताजं सारखंच, तिच्यापुढं आईनं डोकं आपटून काय होणार होतं?

पण जुईची किळस गेली होती, अक्कल नव्हती गेली. संपदानं तिथंच हात घातला.

"पूर्वी दिवसाला लाल खुणा किती करायचीस?"

"साठ-सत्तर."

"आणि काल?"

"तीन." जुईनं भडंगातला शेंगदाणा वेचला. "वरचे खूश आहेत. काम भरभर होतं म्हणून."

"ती बिदरची बाई काल तुझ्यासमोर आली असती, तर?"

जुई विचार करायला लागली. प्रश्न तिनं प्रामाणिकपणे घेतला, कपाळाला आठी घालून, लहानपणी गणित सोडवताना घालायची तशी.

"मनगट दिसलं असतं मला," ती म्हणाली. "पण पास केला असता." मग तिचा हात ताटलीतच थांबला. "आई, आलीही असेल तशी कुणीतरी. सातशे बघते मी रोजचे. नऊ आठवडे."

जुईनं आईकडे पाहिलं.

"हे चूक आहे ना?"

"हो."

"मला कळतंय की चूक आहे. पण वाटत नाहीये." जुईनं कानाशी असलेल्या पट्टीला बोट लावलं. "पट्टी काढली तर वाटेल?"

"वाटेल. खूप वाटेल. सगळं एकदम अंगावर येईल, त्या व्हिडिओंचं, पराग सरांचं." खोटं बोलायची सोय होती, पण संपदाला तेच लाजिरवाणं वाटलं. "माझंसुद्धा, जुई. तू सांगितलं होतंस आणि मी तुला गप्प केलं. आत्ता तुला त्याचं काही वाटत नाही, म्हणून तू माझ्याशी अशी गोड बोलतेस. पट्टी काढलीस तर ते जाईल. पुन्हा कधी येईल का, मला माहीत नाही."

"मग तुला काढायला हवीय की नकोय?"

गेल्या नऊ आठवड्यांत पोरगी जेवली होती, हसली होती, मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. संपदाला ते सगळं हवं होतं. अगदी लाज सोडून हवं होतं.

"काढ," ती म्हणाली.

रविवारी सकाळी आठ वाजता जुईनं आरशासमोर उभं राहून केस वर धरले आणि पट्टी सोलून काढली. दुपारी दोनपर्यंत काही झालं नाही. ती वर्तमानपत्र वाचत होती. अडीचला तिनं पेपर खाली ठेवला आणि ओठ पुसले. पुन्हा पुसले. मग पदरानं पुसावेत तसे ओढणीनं खसाखसा पुसायला लागली.

"आई, मी त्या अळ्या खाल्ल्या," ती म्हणाली आणि मोरीकडे धावली.

पुढचे दोन तास शत्रूवरही येऊ नयेत. ती ओकत होती, थांबत होती, काहीतरी आठवून पुन्हा ओकत होती. मध्येच कुणाचं तरी वर्णन करायची, एखादी खोली, एखादा आवाज, आणि "मी पास केला तो, मी पास केला" म्हणून कपाळ बडवायची. मग मान. नळाखाली मान धरून ती दगडानं घासत होती. साडेचारला तिनं ओल्या हातानं फोन उचलला.

"पराग," ती म्हणाली. सर नाही, काही नाही. "मी उद्या येत नाही. तुझा हात पुन्हा माझ्या अंगाला लागला तर तो तिथल्या तिथं मोडीन. आणि लिफ्टमधलं सगळं मी आज लिहून पोलिसांत देतेय, तारखांसकट. हरामखोर!"

फोन ठेवताना तिचा आवाज फाटला. ती मोरीच्या कठड्याला टेकून खाली बसली आणि पुन्हा उमळून आलं. संपदा तांब्याभर पाणी घेऊन आत गेली, तिच्याजवळ वाकली आणि लहानपणापासून फिरवायची तसा तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

जुईचं अख्खं अंग आखडलं. तिनं मान वळवून वर पाहिलं. डोळे लाल, ओठ सोललेले, आणि नाकपुड्या आक्रसलेल्या, समोर काहीतरी सडलेलं ठेवल्यासारख्या.

"हात काढ," ती म्हणाली. "तुझी किळस येते मला."

संपदानं हात काढला. तांब्या जुईच्या हाताला लागेल असा खाली ठेवला आणि बाहेर येऊन खुर्चीवर बसली. तिचे डोळे घळाघळा वाहत होते. पोरगी परत आली होती, शंभर टक्के परत आली होती. आत जुईला पुन्हा ओकारी आली. संपदानं खुर्चीचे हात घट्ट धरले आणि जागची हलली नाही.